पंचेचाळीस अंश

पुस्तकात लिहिलंय, वेल्ड केलेला तुकडा
ग्लिसरीनमध्ये बुडवून ठेवावा,
पंचेचाळीस अंशांवर, अठ्ठेचाळीस तास.
नागपूरच्या लॅबमध्ये त्यासाठी यंत्र आहे
आणि मे महिनाभर यंत्राला दुरुस्ती.
मारेगावच्या फाट्यावर बाबांचं पत्र्याचं दुकान आहे.
दुपारी बाराला तिथं पंचेचाळीस भरतात,
वीजबिल न येता.

रसवंतीवाल्या टेकामकडून बर्फ आणला.
बाबांनी पट्टीवर रेघ ओढली, तांबडी.
मी ती सांडशीनं उचलून बर्फात,
बर्फातून बरणीत,
वर उलटी नळी.
दोघं उकिडवे बसलो,
खुडुक कोंबडीपुढं बसावं तसे.

मग आला. मोहरीएवढा.
मग दुसरा.
कुठंही भोक नसलेल्या लोखंडातून.

"हे कायचं व?"
हायड्रोजन, म्हटलं. सगळ्यांत हलका.
लोखंडाच्या कणाकणांमधून निघून जातो,
बाजाराच्या दिवशी पोर जातं तसा, कोणाच्याही कोपराखालून.
मोठी माणसं त्याला टाकीत कोंडून गाड्या चालवणार आहेत.
आमचं काम एवढंच, टाकीला विचारायचं,
बाई, तुला सोसेल का?

"अन् नाही सोसलं त?"

तर लगेच काही होत नाही. तेच तर.
लोखंड हसतं-खेळतं असतं.
दिवस जातो, रात्र जाते,
मग आवाज होतो.

बाबांनी चष्मा काढून पुसला.

नऊ वर्षांपूर्वी झाला होता.
गिट्टीची ट्रॉली, मंगळवारी जोडलेला दांडा,
गुरुवारी कुंभ्याच्या उतारावर.
झिंगरू आत्रामच्या डाव्या पायाची तीन बोटं.
लोक म्हणाले, देवाळकर मिस्त्री पैसे घेतो चांगल्या रॉडचे,
लावतो हलके.
बाबांनी पुडा दाखवला. सत्तर-अठरा. कंपनीचा. नवा.
पुड्याकडं कोणी पाहिलं नाही.
त्यानंतर वर्षभर ते विळे अन् खाटांचे पाय जोडत राहिले.

तुटलेला दांडा त्यांनी भंगारात दिला नव्हता.
गेल्या दिवाळीत मी त्याचा तुकडा कापून नेला,
सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.
जोडाच्या जागी गोल, चकचकीत डाग,
प्रत्येकाच्या मधोमध काळा ठिपका.
याला आमच्यात माशाचा डोळा म्हणतात.
मोजले. अकरा.
अकराही माझ्याकडं पाहत होते.

रॉडवरचं राखाडी लेपण ओल पितं.
ठिणगीत पाणी फाटतं,
त्यातला हलका तेवढा वितळलेल्या लोखंडात शिरतो
आणि लोखंड थिजलं की आतच राहतो.
एवढं सगळं मी प्रबंधात लिहिलं आहे, आकृतीसकट.
पण मे महिन्यात, या मुलखात,
जिथं ओठ फुटतात, वाळत घातलेली साडी
दुसरं टोक अडकवेपर्यंत वाळते,
ओल येते कुठून
हे लिहिलेलं नाही.

कूलरमधून येते.
माझी सीईटी होती.
दुकानामागच्या खोलीत एकच टेबल,
टेबलावर रॉडचा फोडलेला पुडा.
मी तो उचलून खाली ठेवला,
कूलरच्या वाळ्याला टेकून.
चार दिवस होता तिथं. मी गणितं सोडवत होते.
खोलीभर वाळ्याचा वास.

आजचा रॉडही मी चार रात्री तिथंच ठेवला होता.
त्याच कोपऱ्यात. मुद्दाम.
बाबांनी तो वाळ्यापासून उचलला,
अंगठ्यानं लेपण चाचपलं,
माझ्याकडं पाहिलं,
आणि होल्डरमध्ये लावला.

दिवेलागणीला नळीत दोन पेरं पोकळी साचली होती.
"केव्हा थांबते हे?"
परवा.
"सगळं बाहेर येते?"
सगळं नाही. बरंचसं.

मी काही बोलणार तेवढ्यात
ते घरातली गोधडी घेऊन आले,
बरणीभोवती गुंडाळली, शेजारी दोनशेचा बल्ब लावला,
रात्री गार पडू नये म्हणून.
"मंग परवाच सांग," म्हणाले.
आणि जाता जाता
कूलर बंद केला.